सजावट सुरेख येते, बाळाचा चेहरा मात्र बिघडतो: घरच्या फोटोंतला नेहमीचा घोळ

घरी काढलेल्या बाळाच्या फोटोंची रड बहुतेक एकाच चालीवर असते. संक्रांतीला काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने घातले. दागिन्यांचा काटा न् काटा दिसतोय, पण चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढराफटक. कापूस घरात आला तेव्हा त्या ढिगावर निजवलं, तर बाळ राखाडी. दसऱ्याला झेंडूच्या माळांत बसवलं, तर कावीळ झाल्यासारखं पिवळं. मग मोबाइल जुना झाला असं ठरतं आणि नव्याच्या चौकश्या सुरू होतात.

मोबाइलचा दोष यात फार कमी असतो. बाळाजवळ ठेवलेली प्रत्येक वस्तू उजेड खाते, परतवते किंवा रंगवते, आणि त्यामुळे कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो. दर सणाची वस्तू वेगळी, त्यामुळे चूकही वेगळी आणि उपायही वेगळा. ज्या तक्रारी जास्त, त्या आधी घेतल्या आहेत.

आधी दोन मिनिटांची तपासणी

लेन्स मलमलच्या कोरड्या फडक्याने पुसा. बाळाची तेल-मालिश ज्या हातांनी होते तेच हात मोबाइलला लागतात. लेन्सवर तेलाचं बोट उमटलं की खिडकीचा उजेड पसरतो आणि सगळा फोटो धुरकट होतो. सेटिंगमध्ये ब्यूटी किंवा चेहरा गुळगुळीत करणारा पर्याय चालू असेल तर तो पूर्ण शून्यावर आणा. सावळ्या बाळाला हा पर्याय परस्पर गोरं करून टाकतो, आणि मग घरातले म्हणतात की फोटोत आपलं बाळ वाटतच नाही. खरंच नसतं ते.

तेल लावल्यावर लगेच फोटो काढू नका. कपाळ आणि नाकाचा शेंडा चमकतो आणि तिथे पांढरे डाग येतात. आंघोळीनंतर तासाभराने, पोट भरलेलं असताना काढा. चमक घालवायला पावडर नको, ती श्वासात जाते. कोरडं फडकं हलकेच टेकवलं तरी पुरतं.

काळं झबलं, पांढरा हलवा: चेहरा फटफटीत का होतो?

संक्रांत ते रथसप्तमी हा बोरन्हाणाचा काळ, आणि सगळ्यात जास्त फोटो याच दिवसांत बिघडतात. कॅमेऱ्याला काळं झबलं कळत नाही, त्याला उजेडाची सरासरी कळते. चौकटीतला बराच भाग काळा दिसला की तो समजतो, इथे अंधार आहे. मग तो सगळंच उजळवतो. झबलं काळ्याचं करडं होतं, आणि आधीच उजेडात असलेला चेहरा जळतो. आजचे मोबाइल चेहरा ओळखून अंदाज सुधारतात, पण बाळाने मान खाली घातली किंवा हलव्याचा मुकुट भुवयांवर घसरला की चेहरा ओळखणं सुटतं आणि पहिले पाढे पंचावन्न.

उपाय असा. बाळाला पाटावर बसवायच्या आधी त्याच जागी आपली मूठ धरा, मागेपुढे काळं कापड पसरलेलं असू द्या. मोबाइलच्या पडद्यावर मुठीला बोट टेकवून दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, मुठीवरच्या सुरकुत्या स्पष्ट दिसेपर्यंत. मोठा कॅमेरा असेल तर एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) उणे ०.७ ते उणे १ वर ठेवा. झबलं खरोखर काळं दिसलं पाहिजे. ते राखाडी दिसतंय तोवर चेहरा जास्त उजळलेला आहे असं धरून चाला. बाळ बसल्यावर अंतर बदललं तर कुलूप पुन्हा लावायला लागतं, हे बरेच जण विसरतात.

दागिन्यांचं वेगळं दुखणं आहे. हलव्याचे काटे गळ्याला टोचतात, बाळ किरकिरतं, आणि प्रत्येक फोटोत रडका चेहरा येतो. माळेच्या आतल्या बाजूने दोन बोटं रुंदीची मलमलची पट्टी टाचून घ्या. विकतच्या मुकुटामागे आणि बाजूबंदामागे स्टेपलरच्या पिना असतात; त्या काढून दोऱ्याने शिवा. दागिने सगळ्यात शेवटी घाला आणि दोन-तीन मिनिटांत उतरवा. घाम किंवा लाळ लागली की साखर चिकट होते आणि हलव्याचे दाणे सुटतात. सुटलेला दाणा थेट तोंडात जातो, म्हणून एक माणूस फक्त बाळाच्या हातांवर लक्ष ठेवायला बसलेला हवा. त्याच्या हातात मोबाइल नको.

बोरं, चुरमुरे डोक्यावरून ओततानाचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि तोच सगळ्यात फसतो. कारणं तीन. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरे चुरमुरे दिसतच नाहीत. मागे गडद गोधडी किंवा वाकळ टांगा, बाळापासून किमान तीन फूट मागे. दुसरं, चुरमुरे पडताना रेघा होतात. शटर (कॅमेऱ्याची पापणी किती वेळ उघडी राहते ते) सेकंदाचा १/५०० किंवा त्याहून जलद हवं, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड पकडण्याची ताकद) ८०० ते १६०० पर्यंत वाढवावा लागला तरी चालेल. मोबाइलवर बर्स्ट (सलग झरझर फोटो) लावा. तिसरं, डोक्यावर काही पडलं की बाळ डोळे मिटतं. पहिली मूठ बाळाच्या पुढ्यात टाका, ते बघायला लागतं. दुसरी मूठ दीड फुटावरून सोडा आणि हात उघडायच्या आधीच बर्स्ट सुरू करा. पहिल्या अर्ध्या सेकंदात जे काही मिळतं तेच कामाचं.

ओतायला फक्त चुरमुरे घ्या. बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडकी, गाजराचे तुकडे पाटाभोवती मांडा. फोटोत तितकेच छान दिसतात आणि डोक्यावर आदळत नाहीत. शेंगदाणे, बोराच्या बिया, हलवा हे चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकणारे पदार्थ आहेत. फोटो झाला की सतरंजी चारी टोकांनी उचलून लगेच झटका.

कापूस: उलटा रोग, उलटा उपाय

इथे चौकट पांढरी. कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे, तो सगळं दाबतो, आणि कापूस मळका व बाळ काळवंडलेलं येतं. सूर्याचं चिन्ह वर ओढा किंवा एक्स्पोजर अधिक ०.७ ते अधिक १ करा. कापसाचे धागे दिसेनासे होऊ लागले की थोडं मागे या.

वेचणीचा कापूस थेट वापरू नका. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात, कापसात पत्ती अडकलेली असते, आणि पिकावर फवारण्या झालेल्या असतात. सुटे तंतू नाकातोंडात जातात ते वेगळंच. पिंजलेला स्वच्छ कापूस घ्या, त्यावर पांढरी मलमल ताणून चारी कडा खाली खोचा, आणि बाळ मलमलीवर ठेवा. खरी बोंडं हवीच असतील तर हात पोचणार नाही अशी, चौकटीच्या कोपऱ्यात. बाळ कापसात रुतता कामा नये. खाली घट्ट गादी, वर दोन-तीन इंचांचा थर, तोंड कायम उघडं.

झेंडू, आंबे आणि पिस्ता रंगाची भिंत

पिवळेपणाची दोन कारणं असतात आणि ती एकमेकांच्या उलट वागतात. झेंडूचा हार बाळाच्या मांडीवर असेल तर त्यावरून परतलेला केशरी उजेड हनुवटीखाली आणि गालांवर येतो. हा खरा उजेड आहे, कॅमेऱ्याची चूक नाही. पण चौकट झेंडूने भरून गेली तर कॅमेरा आपण होऊन रंग थंड करतो, आणि मग फुलं फिकी, ओठ जांभळट. नेमकं काय होतंय ते आधी ओळखा: फक्त हनुवटीकडची बाजू पिवळी असेल तर फुलं हलवा, सगळाच चेहरा निळसर असेल तर व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं सेटिंग) हाताने लावा. खिडकीच्या उजेडाला प्रो मोडमध्ये (सगळी सेटिंग हाताने करायचा पर्याय) ५२०० ते ५५०० केल्विन, ढगाळ दिवशी किंवा सावलीत ६००० ते ६५००.

माळा बाळाच्या मागे दीड-दोन फुटांवर टांगा. पुढ्यात हव्यातच तर चार-पाच सुटी फुलं, पायांच्या बाजूला. ताज्या झेंडूत बारीक किडे आणि मुंग्या असतात. माळ आधी जोरात झटका आणि पंधरा मिनिटं वर्तमानपत्रावर पसरून ठेवा.

भिंतीचंही तेच. पिस्ता किंवा आकाशी रंगाच्या भिंतीशेजारी, खिडकीच्या विरुद्ध बाजूच्या गालावर भिंतीचा रंग उतरतो. त्या बाजूला, बाळापासून दोन फुटांवर पांढरं धोतर किंवा थर्मोकोलचा मोठा पत्रा उभा करा. रंग जातो आणि गाल उजळतो, एका दगडात दोन पक्षी. दिवसा खिडकीच्या उजेडात फोटो काढताना खोलीतला पिवळा बल्ब मात्र आठवणीने बंद करा. दोन रंगांचे उजेड एकत्र आले की कुठलंच सेटिंग दोन्ही दुरुस्त करू शकत नाही.

उन्हाळ्यात केशर आंब्यांच्या पाटीत बाळ बसवायची हौस असते. झाडावरून उतरवलेल्या आंब्याच्या देठाशी चीक असतो आणि तो बाळाच्या कातडीला भाजल्यासारखे चट्टे पाडतो. आंबे धुऊन, देठ खाली करून एक दिवस ठेवलेले घ्या आणि फोटोत देठाची बाजू बाळापासून लांब ठेवा. कैरीला चीक जास्तच, ती टाळलेली बरी. टरबूज कोरून त्यात बाळ बसवण्याचा प्रकार चिकट, निसरडा आणि माश्यांना आवतण देणारा आहे. चार फोडी शेजारी मांडा, झालं. मोसंबीला हे काहीच त्रास नाहीत, आणि जालन्याकडच्या लोकांना ती शोधायला लांब जावंही लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये वेळ सकाळी सात ते साडेआठ. नंतर उन्हाची तिरीप पांढरी होते, आणि बाळही तापतं. कूलरचा वारा कापड आणि जावळ दोन्ही हलवतो. बाळ तयार झाल्यावर पाच मिनिटांपुरता बंद करा. उत्तरेच्या खिडकीचा मऊ उजेड हिवाळ्यात दिवसभर मिळतो, पण मे-जूनमध्ये सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळी त्याही खिडकीतून तिरपं ऊन आत येतं. तेव्हा खिडकीला पांढरा पंचा लावा.

वेळ अमावस्येला शेतात: डोळ्यांच्या जागी काळे खड्डे

लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावस्येला अख्खं घर शेतात असतं, मागे हिरवी ज्वारी, कडब्याची कोप (खोपट), सगळं आयतं. तरी फोटोत बाळाच्या डोळ्यांखाली काळं येतं. वरून ऊन, आणि खाली काळी माती. फरशी किंवा चुन्याची भिंत उजेड परतवते, काळी माती तो गिळून टाकते, त्यामुळे हनुवटी, नाकपुड्या आणि डोळ्यांच्या खोबणी उजळवायला खालून काहीच येत नाही.

बाळाला उन्हातून काढा आणि कोपीच्या तोंडाशी, आतल्या बाजूला एक हात अंतरावर बसवा. तोंड बाहेरच्या मोकळ्या आभाळाकडे, उन्हाकडे नाही. बाळाच्या पुढ्यात जमिनीवर पांढरी चादर पसरा, निदान एक मीटर बाय एक मीटर, चौकटीच्या जरा बाहेर. फरक लगेच दिसतो. कोप नसेल तर आंब्याची दाट सावली चालेल, पण पानांतून पडणारे उन्हाचे ठिपके चेहऱ्यावर नकोत. बाभळीखाली ते ठिपके आणि काटे, दोन्ही मिळतात.

ज्वारीचं कणीस हातात द्यायचं असेल तर हुरड्यात आलेलं घ्या. फुलोऱ्यातल्या कणसाची धूळ डोळ्यांत जाते. ज्वारीची पानं कडेने कापतात, ताटं बाळापासून दोन फूट लांब.

कुंची घातली असेल तर तिची झालर कपाळावर सावली टाकते. ती दोन बोटं मागे सरकवा. कॅमेऱ्यात डोळ्यांत आभाळाचा पांढरा ठिपका दिसतोय का बघा. तो नसेल तर बाळाचं तोंड थोडं वर किंवा बाहेरच्या बाजूला वळवा.

फोटो हलतो, किंवा त्यावर आडवे पट्टे येतात

पोळ्याच्या सुमारास आभाळ भरलेलं असतं आणि खोलीत अंधार. मोबाइल आपण होऊन शटर १/२५ च्या आसपास नेतो. निजलेल्या बाळाला १/१२५ पुरतं, बसलेल्याला १/२५० हवं, रांगणाऱ्याला १/५००. जाड माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात खिडक्या लहान असतात. तिथे खिडकीचा नाद सोडा आणि उघड्या दाराच्या आत दोन-तीन फुटांवर बसवा. ओसरी त्याहून बरी. पावसाळी ढगांचा उजेड एरवी लाखमोलाचा असतो, फक्त त्याच्या जवळ जायला लागतं.

मातीचे बैल शेजारी मांडले की फोकस शिंगांवर किंवा झुलीच्या बेगडीवर जातो, कारण तिथे कडा ठळक असतात. बैल बाळाच्या डोळ्यांच्या रेषेतच ठेवा, पुढे नको, आणि फोकसचं बोट जवळच्या डोळ्यावर टेकवा. ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर एफ १.८ चा, म्हणजे लेन्सचं तोंड फार मोठं उघडण्याचा मोह टाळा; एक डोळा स्पष्ट, दुसरा धूसर येतो. एफ २.८ ते ४ ठीक. बैलांचा कच्चा रंग हातांना आणि तिथून तोंडाला लागतो, म्हणून बैल दिसायला द्या, धरायला नको.

दिवाळीत संध्याकाळच्या फोटोंवर आडवे काळपट पट्टे येतात ते स्वस्त एलईडीमुळे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात, पण मग हलणारं बाळ धूसर होतं. दोन्ही साधायचं तर चेहऱ्यासाठी दिवस मावळायच्या अर्धा तास आधीचा खिडकीचा उजेड घ्या आणि दिव्यांची माळ फक्त मागे, पाच-सहा फुटांवर लावा. पेटती पणती बाळाच्या चौकटीत नकोच. हवी असेल तर मोबाइल तिपाईवर पक्का बसवून दोन फोटो काढा, एक बाळाचा, एक बाळ उचलून नेल्यावर पणत्यांचा, आणि मग जोडा.

फ्लॅशबद्दल एवढंच: समोरून नको. पांढऱ्या स्लॅबवर मारून परतवता येतो. माळवदाच्या काळ्या लाकडी तुळयांवरून काहीच परत येत नाही.

नाक मोठं, कपाळ लहान

मोबाइल चेहऱ्याच्या फुटभर जवळ नेल्याने होतं. चार-पाच फूट मागे जा आणि २ एक्स झूम लावा. पोर्ट्रेट मोड (मागचं सगळं धूसर करणारा पर्याय) हलव्याचे काटे आणि जावळ कापतो, म्हणून सणाच्या फोटोंना बंद ठेवा.

सूप, दुरडी आणि झोपवलेलं बाळ

झोपलेल्या बाळाचा चेहरा भेसूर येण्याचं कारण बहुतेक दिशा असते. पाय खिडकीकडे असले की उजेड हनुवटीखालून नाकपुड्यांत शिरतो, जसा अंधारात तोंडाखाली बॅटरी धरल्यावर दिसतो तसा. डोकं खिडकीकडे करा, तेही सरळ नाही, थोडं तिरपं, ४५ अंशांच्या आसपास; सावली नाकाच्या एका बाजूला खाली उतरायला हवी. अंतर खिडकीपासून तीन ते पाच फूट. फोटो वरून घेताना मोबाइलची दोरी मनगटात अडकवा, आणि बाळाच्या थेट डोक्यावर मोबाइल धरू नका.

सुपाच्या कडांना बांबूची कुसं असतात. आधी हात फिरवून बघा, मग दोन पदरी गोधडी घाला. सूप जमिनीवर, गादीवर. खाटेवर किंवा ओट्यावर कधीच नाही. दुरडी एका बाजूला कलंडते, म्हणून तळाशी दोन किलो ज्वारीची पिशवी आडवी ठेवा, वर गोधडी, आणि डोक्याची बाजू किंचित उंच. बाळ पाठीवरच, आणि एकाचा हात सतत हातभर अंतरावर. तो हात चौकटीत आला तर नंतर कापता येतो.

आधार न घेता बसता येत नाही तोवर बाळाला लोड-तक्क्यात टेकवून बसवल्याचे फोटो मान कललेले, पोट दुमडलेले येतात. सहा-सात महिन्यांपर्यंत झोपवून किंवा आईच्या खांद्यावर घेऊनच काढा. पैठणी आणि हिमरू मागच्या पडद्याला द्या. जरीची तार कातडीला घासते आणि उजेडात तिचे पांढरे ठिपके चेहऱ्यापेक्षा जास्त लक्ष ओढतात. तीट गालावर किंवा कपाळावर खुशाल लावा, फोटोत गोडच दिसते, पण डोळ्यांत काजळ घालू नका. त्यात शिसं असण्याचा धोका असतो.

काढून झालेले फोटो किती वाचतात?

काळवंडलेला फोटो बऱ्यापैकी उजळवता येतो: आधी शॅडोज (गडद भाग उजळवणारी पट्टी) वाढवा, मग लागेल तेवढंच एक्स्पोजर, नुसतं एक्स्पोजरच वाढवत गेलं तर कापूस जळतो. जळालेला पांढरा चेहरा मात्र परत येत नाही, तिथे माहितीच उरलेली नसते. म्हणून शंका आली तर किंचित काळपट काढलेला बरा. पिवळेपणा घालवताना झेंडूकडे किंवा झबल्याकडे बघू नका, डोळ्यांतल्या पांढऱ्या भागाकडे बघा. तो पांढरा झाला की वॉर्म्थची पट्टी तिथेच थांबवा. छापायला देण्याआधी मोबाइलचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून फोटो पुन्हा बघा, आणि अल्बमच्या आधी एकच प्रत ४ बाय ६ मध्ये काढून घ्या. पूर्ण ब्राइटनेसवर छान दिसणारा संक्रांतीचा फोटो कागदावर हमखास एक पायरी काळा उतरतो, आणि काळं झबलं मागच्या काळ्या पडद्यात विरघळून जातं.